ओर्मीगा, फॉर्मिक आणि मुंग्या

एकाच मूळ शब्दातून दोन भाषांत उतरलेल्या शब्दांना इंग्रजीत कॉग्नेट म्हणतात. मराठीत आपण सजातीय शब्द म्हणू. कॉग्नेटचं लॅटिन मूळ कोग्नातुस. को म्हणजे सह आणि ग्नातुस म्हणजे जन्मलेला. संस्कृतातला 'जात' हा याच ग्नातुसचा भाऊबंद, म्हणजे शब्दशः अर्थ झाला सहजात. इंग्रजीत कॉग्नेट हा शब्द भाषाशास्त्राच्या आणि कायद्याच्या पुस्तकांबाहेर फारसा भेटत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तो घरोघरी आहे. तिथे त्याचं रूप कुन्यादो, आणि अर्थ मेहुणा. बायकोचा भाऊ असो, नवऱ्याचा भाऊ असो की बहिणीचा नवरा, सगळे कुन्यादोच.

अशा जोड्या शेकड्यांनी सापडतात. जीआरईच्या, म्हणजे परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेच्या, यादीत जो इंग्रजी शब्द चार वेळा घोकूनही डोक्यात राहत नाही, त्याचा स्पॅनिश जुळा भाऊ तिथलं पाच वर्षांचं पोर दिवसातून दहादा बोलतं. इन्फर्म म्हणजे अशक्त, जर्जर. एन्फेर्मो म्हणजे नुसतं आजारी. व्हॅक्युअस म्हणजे पोकळ बुद्धीचा. बासीओ म्हणजे रिकामा, मग तो ग्लास असो की खिसा. इनिमिकल म्हणजे प्रतिकूल. एनेमीगो म्हणजे शत्रू. सॉम्नोलंट म्हणजे निद्राळू. स्वेन्यो म्हणजे झोप, आणि स्वप्नसुद्धा. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने हे शब्द सुटे सुटे पाठ करण्यात वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे. कारण ते सुटे नाहीतच. त्यांच्यामागे सहा-सात ध्वनिनियम आहेत, ते पुरेसे नियमित आहेत, आणि ते कळायला आपल्यासारखी तयारी इंग्रजी माणसाचीही नसते.

आपली तयारी म्हणजे शाळेतलं तत्सम आणि तद्भव. दुग्ध आणि दूध, हस्त आणि हात, कर्ण आणि कान. तोंडातोंडी हजार-दीड हजार वर्षं झिजत आला तो दूध. ग्रंथातून जसाच्या तसा उचलला तो दुग्ध. म्हणून आपण दूध पितो आणि दुग्धव्यवसाय खातं चालवतो. इसवी सनापूर्वी २१८ मध्ये रोमन सैन्य आयबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, उतरलं, त्यामागून सैनिक, व्यापारी, शेतकरी आले आणि त्यांच्या बोलीतली लॅटिन तिथे झिजत झिजत स्पॅनिश झाली. स्पॅनिशचे रोजचे शब्द हे लॅटिनचे तद्भव. इंग्रजी मुळात जर्मानिक घराण्यातली. तिचे डोळा, दात, चंद्र, झोप हे शब्द स्वतःचे होते. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीमुळे फ्रेंच शब्द आले, आणि पुढे विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून शब्द थेट उचलले. हे झाले इंग्रजीतले तत्सम. म्हणून चंद्राला मून पण चांद्रला ल्युनर, दाताला टूथ पण दंतविषयकला डेंटल. नाम एका घरचं, विशेषण दुसऱ्या घरचं. स्पॅनिशमध्ये चंद्र लूना आणि चांद्र लुनार. दोन्ही एकाच घरचे.

सोळाव्या शतकात इंग्रजीत या उसन्या शब्दांवर भांडणंही झाली. केंब्रिजचे ग्रीक पंडित जॉन चीक यांनी १५५७ च्या एका पत्रात, आपली भाषा शुद्ध आणि भेसळीवाचून लिहावी असा आग्रह धरला. बायबलचा अनुवाद करताना त्यांनी ल्युनॅटिक टाळून मून्ड, आणि सेंच्युरियन (शंभर सैनिकांचा रोमन नायक) टाळून हंड्रेडर असे शब्द घडवले. त्यांचे शब्द टिकले नाहीत, पण कळकळ खरी होती. वाचकाला आपल्याच भाषेतला जड शब्द पाहून थबकावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

या विषयातला माझ्या सर्वांत आवडीचा दस्तऐवज म्हणजे 'अपेंडिक्स प्रोबी' नावाची एक छोटी यादी. इटलीतल्या बोब्बिओच्या मठातल्या हस्तलिखितात ती सापडली. यादीत २२७ दुरुस्त्या आहेत आणि साचा एकच: 'हे म्हणा, ते नको'. शिकवणारा विद्यार्थ्यांची अशुद्ध लॅटिन सुधारतो आहे. ओकुलुस म्हणा, ओक्लुस नको. स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको. वेतुलुस म्हणा, वेक्लुस नको. मास्कुलुस म्हणा, मास्क्लुस नको. आउरिस म्हणा, ओरिक्ला नको.

आता उजवीकडची 'नको' म्हटलेली रूपं पुढच्या काळात कुठे पोचली ते पाहा. ओक्लुसचा ओखो झाला, म्हणजे डोळा. स्पेक्लुमचा एस्पेखो, आरसा. वेक्लुसचा ब्येखो, म्हातारा. मास्क्लुसचा माचो, नर. ओरिक्लाची ओरेखा, कान. आणि डावीकडची शुद्ध रूपं गेली इंग्रजीत: ऑक्युलर, मॅस्क्युलिन, ऑरल (इथे कानाशी संबंधित, तोंडाशी नव्हे), आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ट्रेमधलं स्पेक्युलम. मास्तरांनी खोडलेली ही अशुद्धं आज कोट्यवधी लोकांची प्रमाणभाषा आहेत. ग्रामीण मुलाचं मराठी खोडून काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

याच यादीत नुरुस म्हणा, नुरा नको; सोक्रुस म्हणा, सोक्रा नको अशीही जोडी आहे. त्यांपासून स्पॅनिश न्वेरा आणि स्वेग्रा: सून आणि सासू. नुरुस म्हणजे आपली स्नुषा, सोक्रुस म्हणजे आपली श्वश्रू. हे शब्द संस्कृत आणि लॅटिन एकमेकांपासून दूर जाण्यापूर्वीचे. त्यांचे नातलग जुन्या इंग्रजीतही होते. ते मागे पडले आणि इंग्रजीला 'इन लॉ' लावून नाती मोजावी लागली.

आता नियमांकडे वळू. सर्वांत जास्त दारं उघडणारा नियम हा: लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा फ स्पॅनिशमध्ये ह झाला आणि मग तोही गेला. १४९२ मध्ये आन्तोनियो दे नेब्रिखाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेव्हा हा ह तोंडातून ऐकू येत होता. आज तो फक्त कागदावर उरला आहे. लिहायचा, उच्चारायचा नाही. शेजारच्या बास्क भाषेत फ नव्हता, त्या सवयीमुळे हे झालं असं एक मत आहे. त्यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण बदल घडला यात शंका नाही. तेव्हा स्पॅनिश शब्द एचने सुरू होत असेल तर मनात त्याजागी एफ ठेवून पाहायचा. आरीना म्हणजे पीठ, इंग्रजीत फॅरिनेशियस. येर्रो म्हणजे लोखंड, फेरस. ईखो म्हणजे मुलगा, फिलिअल. ईलो म्हणजे दोरा, आणि बल्बमधली ती बारीक तार फिलामेंट. ऊर्तो म्हणजे चोरी, फर्टिव्ह. आम्ब्रे म्हणजे भूक, फॅमिन. ओन्गो म्हणजे अळंबी, फंगस. आब्लार म्हणजे बोलणे. त्याचं मूळ फाबुलारी, गोष्ट सांगणे, आणि इंग्रजीत फेबल.

याच नियमातला ओर्मीगा हा शब्द जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ओर्मीगा म्हणजे मुंगी, लॅटिनमध्ये फोर्मिका. जॉन रे या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने १६७१ मध्ये मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या आम्लाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या आम्लाला पुढे फॉर्मिक ॲसिड हे नाव मिळालं, म्हणजे मुंग्यांचं आम्ल. केरळात रबराच्या झाडाचा चीक साकळवायला आजही हेच वापरतात. त्याच नावावरून फॉर्माल्डिहाइड, आणि त्याचं सुमारे ३७ टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉरमॅलिन. महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांतून बेडूक आणि साप ज्यात ठेवलेले असतात, ते. त्या उग्र वासाच्या नावात मुंगी आहे हे शिकवणारेही सहसा सांगत नाहीत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पायावर पाय टाकून बसलं की पायाला मुंग्या येतात. स्पॅनिश माणूस यालाच ओर्मीगेओ म्हणतो, ओर्मीगापासून. इंग्रजीत साधा माणूस 'पिन्स अँड नीडल्स' म्हणतो, पण त्वचेवर किडे-मुंग्या चालल्याच्या भासाला वैद्यकाच्या पुस्तकात फॉर्मिकेशन असा जडजंबाल शब्द आहे. मराठी माणसाला तो समजावून सांगायला अर्धं वाक्य पुरतं. 'मुंग्या येणे' म्हटलं की झालं.

नियमाला अपवाद आहेत आणि तेही मोजके, ओळखता येण्याजोगे. फच्या पुढे उए किंवा र असेल तर फ टिकतो: फ्वेर्ते म्हणजे बळकट, फ्रीओ म्हणजे थंड. ग्रंथातून उशिरा आलेले शब्दही फ सोडत नाहीत: फासिल, फामा, फोर्मा. म्हणून एकाच मुळाची दोन रूपं शेजारी नांदतात. फोर्मा म्हणजे आकार, आणि झिजून झालेला ओर्मा म्हणजे जोडे शिवण्याचा लाकडी साचा. आपल्याकडच्या कर्म आणि काम यांच्यासारखीच ही जोडी.

एचच्या बाबतीत दोन फसगती मात्र ठरलेल्या. अंडं म्हणजे वेबो, हाड म्हणजे वेसो, पोरका म्हणजे वेर्फानो. तिन्ही एचने लिहितात. इथे फ शोधू नये. जुन्या लिपीत यू आणि व्ही एकाच अक्षराने लिहीत. त्यामुळे उएने सुरू होणारा शब्द व्हीने वाचला जाऊ नये म्हणून आधी एच लावायची पद्धत पडली. मूळ शब्द ओवुम, ओस्सुम, ओर्फानुस. इंग्रजीत ओव्हम, ऑसिअस, ऑर्फन. दुसरी फसगत एर्मानो, म्हणजे भाऊ. इथला एच गच्या जागी आला आहे. मूळ गेर्मानुस, सख्खा. रोमन लोक सख्ख्या भावाला फ्रातेर गेर्मानुस म्हणत. स्पॅनिशने फ्रातेर टाकला आणि नुसतं 'सख्खा' ठेवलं. इंग्रजीत याच गेर्मानुसपासून जर्मेन झाला: मुद्द्याशी सख्खं नातं असलेलं, म्हणजे प्रस्तुत. हा अर्थ एकदा कळला की जर्मेन पुन्हा पाठ करावा लागत नाही.

दुसरा मोठा नियम: लॅटिनमधला क्त स्पॅनिशमध्ये च होतो. ओक्तोचा ओचो, नोक्तेमचा नोचे, लाक्तेमचा लेचे. आपल्याकडे भक्तचा भात आणि मौक्तिकाचं मोती झालं. जोडाक्षर जिभेला दोन्हीकडे जडच गेलं, फक्त तोडगा वेगळा निघाला. पेक्तुसचा पेचो झाला, म्हणजे छाती. खोकल्याच्या बाटलीवर एक्स्पेक्टोरंट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इतकाच: छातीतून बाहेर काढणारं. 'उल्त'चाही असाच च होतो. मुल्तुसचा मूचो, म्हणजे पुष्कळ. आणि आउस्कुल्तारेचं एस्कुचार, म्हणजे ऐकणे. हे स्पॅनिशमधलं अगदी रोजचं क्रियापद. आई मुलाला 'ऐक!' म्हणते तेव्हा हेच. इंग्रजीत त्याचं ऑस्कल्टेशन झालं. पॅरिसच्या रने लाएनेक या डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, आणि १८१९ मध्ये या तपासणीवर ग्रंथ लिहिला तेव्हा हाच शब्द वापरला. त्यामुळे स्टेथोस्कोप लावणं म्हणजे नुसतं 'ऐकणं', हे स्पॅनिश बोलणाऱ्या रुग्णाला न सांगता कळतं.

वैद्यकातले शब्द स्पॅनिशमध्ये असेच जमिनीवर उतरतात. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने सुजेची चार लक्षणं सांगितली: रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर, म्हणजे लाली, फुगवटा, उष्णता, वेदना. एमबीबीएसची मुलं ती अजूनही म्हणतात. स्पॅनिशमध्ये कालोर म्हणजे रोजचा उकाडा आणि दोलोर म्हणजे रोजचं दुखणं. रुग्ण 'दोलोर' म्हणतो तेव्हा तो लॅटिन सुभाषित सांगत नसतो.

तिसरा नियम आपल्याला कोकणातून परिचित आहे. शब्दारंभीचे क्ल, प्ल, फ्ल स्पॅनिशमध्ये दोन एल होतात. उच्चार बहुतेक ठिकाणी य. प्लेनुसचा येनो, भरलेला, इंग्रजीत प्लीनरी. प्लुव्हियाची यूव्या, पाऊस, इंग्रजीत प्लूव्हिअल. क्लाविसची यावे, किल्ली. पोर्तुगीजमध्ये हेच तीन जोडध्वनी श किंवा च झाले, आणि क्लाविसची शावी-चावीच्या जवळची रूपं झाली. तीच पोर्तुगीजांबरोबर गोवा-वसईला आली आणि मराठीत चावी म्हणून राहिली. आपण कुलपात फिरवतो ती चावी, मेक्सिकोतली यावे आणि इंग्रजी पुस्तकातला क्लॅव्हिकल एकाच मुळाचे. क्लॅव्हिकल म्हणजे 'छोटी चावी', गळ्याखालचं हाड. कॉन्क्लेव्ह म्हणजे 'चावीसकट', म्हणजे कुलूपबंद खोली. १२६८ पासून १२७१ पर्यंत इटलीतल्या व्हिटेर्बोत पोपची निवड रखडली तेव्हा तिथल्या लोकांनी पोप निवडणाऱ्या धर्मगुरूंना, म्हणजे कार्डिनलांना, कोंडूनच ठेवलं, आणि १२७४ मध्ये तशी बंद निवड हा नियमच झाला. इस्पितळातलं ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाने आपोआप कुलूपबंद होणारं भांडं. स्पॅनिशमध्ये ग्रंथातून आलेला क्लाबेसुद्धा आहे. तो मात्र पासवर्डसाठी, दाराच्या किल्लीसाठी नाही.

पोर्तुगीजांकडून आलेला आपला पगारही या कुळातला. स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणे. मूळ पाकारे, शांत करणे. देणेकऱ्याने पैसे चुकते करून घेणेकऱ्याला शांत केलं. इंग्रजीतला पॅसिफाय त्याच कुळातला. मुलं सांभाळणारी आया पोर्तुगीज आहे आणि तिचं मूळ आविया, आजी. स्पॅनिशमध्ये आब्वेला म्हणजे आजी, तीही आवियाच्याच घरातली, आणि इंग्रजीतले अव्हंक्युलर (मामा-काकांसारखा) व ॲटॅव्हिस्टिक (पूर्वजांचे गुण परतून आलेला) हे त्याच कुळाचे.

उरलेले नियम पटकन सांगता येतील. स्वरांच्या मध्ये आलेले प, त, क मऊ होऊन ब, द, ग होतात: सापेरेचं साबेर, जाणणे, होमो सेपियन्समधला सेपियन्स हाच. लाकूनाची लागूना; स्पॅनिशमध्ये तळं, आपल्याकडच्या न्यायालयीन इंग्रजीत लॅक्युना म्हणजे कायद्यातली त्रुटी. आपल्याकडे प आणखी मऊ होऊन दीपचा दिवा झाला. ग्नचा न्य होतो: पुग्नुसचा पून्यो, मूठ, इंग्रजीत पग्नेशस, लिग्नाची लेन्या, सरपण, इंग्रजीत लिग्नाइट. कुन्यादोही इथलाच. जोर देऊन उच्चारलेला ऱ्हस्व ओ उए होतो, ए इए होतो. मुळाकडे उलट जाताना स्वर आणि व्यंजनं दोन्ही परतवावीत. उदाहरणार्थ स्येगो, म्हणजे आंधळा. आधी इए काढून सेगो, मग ग काढून सेको. मूळ केकुस, आणि शरीरशास्त्रातलं सीकम, मोठ्या आतड्याचं एका बाजूने बंद, 'आंधळं' टोक. 

आता सगळ्यात मोठा धोका. रोजचा छोटा शब्द हुबेहूब सारखा दिसला म्हणून तो नातलग असतोच असं नाही. स्पॅनिश मूचो आणि इंग्रजी मच यांचा संबंध नाही. मच जुन्या जर्मानिक मिचेलचा उरलेला तुकडा आहे. दीआ आणि डे परके आहेत. आबेर आणि हॅव्ह तर अगदी नावालाही नात्यात नाहीत. कारण साधं आहे. इंग्रजीचे खानदानी शब्द लॅटिनशी खरंच नात्यात असतील तर ध्वनी सहसा हललेले असतात: लॅटिनचा क इंग्रजीत ह होतो, जसं कोरासोन आणि हार्ट, क्वेर्नो आणि हॉर्न, आपलं शृंग. म्हणून रोजचा छोटा इंग्रजी शब्द स्पॅनिशसारखा दिसला की संशय घ्यावा, आणि लांबलचक पुस्तकी शब्द दिसला की विश्वास ठेवावा. आयलंडमधला एस तर लेखकांनी लॅटिन इन्सुला आठवून मागाहून घुसवला. शब्द जर्मानिक आहे, स्पॅनिश ईस्लाशी त्याचं रक्ताचं नातं नाही.

नातं खरं असूनही अर्थ सरकलेला असतो, तिथे जास्त जपावं लागतं. एम्बारासादा म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. स्पेनमध्ये कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठ नव्हे. एक्सितो म्हणजे यश, बाहेरचा रस्ता नव्हे. फासिल म्हणजे सोपं, त्यात हिणवणं नाही. इंग्रजी फॅसिलमध्ये ते आहे. मराठी-हिंदीच्या सीमेवर राहणाऱ्याला हे नवीन नाही, शिक्षा शब्दाने दोन्हीकडे काय काय केलं ते आपण पाहतोच.

वापराच्या बाजूने एक पथ्य आहे. स्पॅनिशमधून इंग्रजीत जाणाऱ्याने जुळा शब्द टाळावा, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाणाऱ्याने तोच आधी आजमावावा. 'एस्तोय एन्फेर्मो' म्हणणाऱ्या मुलाने इंग्रजीत इन्फर्म म्हटलं तर ऐकणाऱ्याला तो ऐंशीचा वाटेल. उलट, तुम्हाला स्पॅनिशमध्ये 'भरलेला' हवा असेल तर फुल विसरा, प्लीनरी आठवा. 'झोपणे' हवं असेल तर स्लीप विसरा, डॉर्मंट आठवा आणि दोर्मीर म्हणा. 'उशीर'साठी टार्डी, मग तार्दे. 'झाड'साठी आर्बोरिअल, मग आर्बोल. इंग्रजीतलं सर्वांत अवघड विशेषण हेच इथे सर्वांत उपयोगी.

वहीत तीन रकाने पुरतात: स्पॅनिश शब्द, लॅटिन मूळ, इंग्रजी जड शब्द. मधला रकाना गाळू नये, कारण नियम तिथेच दिसतो. मूळ अंदाजाने लिहू नये. स्पेनच्या शाही अकादमीचा, म्हणजे १७१३ मध्ये स्थापन झालेल्या रेआल आकादेमियाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात लॅटिन वंशाच्या शब्दाची व्युत्पत्ती सहसा नोंदीच्या आरंभीच असते. सुरुवातीला दोन शब्द शोधून पाहावेत: फ्वेगो, म्हणजे आग, आणि ओगार, म्हणजे घर. दोन्हींचं मूळ फोकुस, रोमन घरातली चूल. एकात उएमुळे फ टिकला, दुसऱ्यात गेला. इंग्रजीत तोच शब्द फोकस. तो खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात भूमितीतल्या एका बिंदूसाठी वापरला, बहुधा भिंगातून आलेली किरणं एकवटून जिथे पेटवतात त्या बिंदूवरून.